सौंसरात समुद्र पाहिलेला एकच मास्तर

चार मास्तर वर्षानुवर्षं एका खोलीत बसले की वह्या तपासून होतात, किस्से मात्र संपता संपत नाहीत! आमच्या सौंसरच्या शाळेतल्या निम्म्या किश्श्यांत ड्रॉइंगचे रेडकर मास्तर असणारच. कोकणातले, समुद्रकाठचे. आमच्यात समुद्र पाहिलेला हा एकटाच माणूस. आई गावी एकटी. दर आठवड्याला तिचं कार्ड यायचं.

*

एकदा त्यांनी फळ्यावर समुद्र काढला. "याचा पलीकडचा काठ दिसतच नाही," म्हणाले. जवळच्या रामाकोना गावचे महादेवकाका पोराची फी भरायला आले होते, ते दारातच थबकले. संत्र्याची बाग आणि कन्हान नदी, एवढंच त्यांचं जग. बराच विचार करून म्हणाले, "मंग पुलाले लोखंड किती लागत असन जी!"

*

राज्यं नव्यानं आखली गेली. तोवर आमची राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही भोपाळकडे राहिलो. स्टाफरूममध्ये दोन दिवस नुसता कल्ला! मराठीचं काय होणार, बदली कुठे होणार? हेडमास्तर कडक माणूस. शेवटी टेबलावर डस्टर आपटून म्हणाले, "राजधानी हलली, घंटा नाही हलली. चला आपापल्या तासाले!"

काय दिवस होते ते! भांडलो तरी डबा एकत्रच खायचो.

*

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर नागपूरच्या पेपरात बातमी आली. कोकण किनाऱ्यावर मोठं वादळ, रेडकरांच्या तालुक्यातली गावंच्या गावं उद्ध्वस्त. बोटी बंद, रस्ते बंद, तारा तुटलेल्या. जाणार तरी कसे? रेडकर रोज पोस्टात जायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आम्ही मदत गोळा केली. पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्यांनी कापसाच्या गाद्या दिल्या. महादेवकाकांनी संत्र्यांच्या टोपल्या आणल्या आणि वर एक जाड दोर. "पुढच्या खेपेले घर झाडाले बांधून ठेवा म्हणा!"

पंधरा दिवसांत रेडकर पहिल्यांदा हसले. "काका, झाडंच गेली हो."

*

आणि मग ते कार्ड आलं. पोस्टमन गुलाबराव रेडकरांना टाळून थेट हेडमास्तरांकडे गेला, मी तिथंच होतो. कार्डाचा कोपरा फाटलेला! आमच्याकडे मरणाची खबर कळवायची तर कोपरा फाडूनच कार्ड टाकतात.

गुलाबराव म्हणाला, "दोन दिवस झाले, पिशवीत घेऊन फिरून राहिलो जी. त्याइले द्यायची हिंमतच नाही होऊन राहिली."

हेडमास्तरांनी न वाचताच कार्ड खिशात ठेवलं आणि घंटा वाजवायला सांगितली. सगळी शाळा मैदानात उभी राहिली. "दोन मिनिटं स्तब्ध!"

रेडकर माझ्या शेजारीच मान खाली घालून उभे. हळूच मला विचारतात, "कोण गेलं हो?"

मला हुंदकाच फुटला. हेडमास्तर पुढे आले आणि त्यांनी कार्ड दिलं. रेडकरांनी वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मग तेच मोठ्यानं वाचायला लागले. आईनं शेजाऱ्याकडून लिहवून घेतलं होतं:

"घर गेलं. मी देवळात आहे, बरी आहे. कार्ड भिजून कोपरा गळाला, दुसरं मिळेना. तुझ्याकडे थंडी फार म्हणतात. कान बांधत जा."

हेडमास्तरांनी गळ्यातला मफलर काढला आणि सगळ्या शाळेसमोर रेडकरांचे कान बांधले.