पारूवहिनींच्या रानात वाडा बसला

"जाताय कुठं?" थेरगावच्या घरातून निघताना बायकोनं विचारलं.

"मेंढरांच्या लिलावाला."

"लोक रिटायर झाल्यावर तीर्थयात्रेला जातात," ती म्हणाली आणि डब्यात घावणे भरून दिले.

राजापूरच्या मंडळींनो, तुम्हाला आधी मेंढरू म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्या कोकणात ते औषधालाही सापडत नाही. माझंही ज्ञान घोंगडीपुरतंच होतं. अर्धं आयुष्य पिंपरी-चिंचवडमध्ये लेथ मशीनवर घालवलेला मी माणूस. मला पट्टा आणि दात म्हटलं की मशीनचेच आठवतात. तरीही दोन बस बदलून चाकणच्या अलीकडे उतरलो, ते माझा मित्र दत्तू याच्यासाठी.

कंपनीत माझं लेथ आणि त्याचं ग्राइंडिंग शेजारी शेजारी होतं. निघोज्याच्या बाजूचं त्याचं घराणं जुनं, शेतकरी. बहुतेक जमीन कंपन्यांच्या कुंपणाआड गेली. उरलं एकच रान, तेही पुतण्या सचिनबरोबर सामाईक. रहाटणीत राहणाऱ्या सचिनचं म्हणणं, तिथं मुरूम पसरू आणि ट्रेलर उभे करायला भाड्यानं देऊ. दत्तूची बायको पारूवहिनी हटून बसल्या. शेवटी काकी-पुतण्यात शर्त लागली: यंदा कांदा जोरात आला तर रान राहील, नाहीतर मुरूम पडेल. आणि वहिनींचं ठाम मत होतं की त्या थकलेल्या जमिनीत कांदा यायचा असेल तर आधी तिथं मेंढरं बसली पाहिजेत.

बसणं म्हणजे काय, तेही सांगतो. दिवाळीनंतर धनगर आपले कळप घेऊन या भागातून जातात. रात्रभर कळप एखाद्या शेतात बसवला की लेंड्या आणि मुताचं असं खत पडतं, की दुकानातल्या गोण्या त्यापुढं झक मारतात. धनगराच्या अशा मुक्कामाला वाडा म्हणतात. पण कळप एक आणि रानं अनेक. म्हणून दत्तूच्या वाडीत देवळापुढं लिलाव होतो, की यंदा वाडा कुणाकडे बसणार.

बसथांब्यावरून दत्तूनं मला स्कूटरवर घेतलं. डावीकडे कंपन्यांची लांबलचक पत्र्याची छपरं, उजवीकडे टपऱ्या आणि ट्रकांची रांग. एक वळण घेतलं आणि एकदम बाजरीची सडं (कापणीनंतर उरलेले खुंट) दिसली. वाऱ्याला कडब्याचा गोड वास होता. मी नकळत दीर्घ श्वास घेतला आणि मागून आलेल्या डंपरची धूळही आत घेतली.

घरी वहिनींनी बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. ठेच्याच्या पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"भावजी, रडताय कशापायी? लिलाव अजून व्हायचाय," त्या म्हणाल्या.

दुपारी आम्ही धनगरांच्या तळावर गेलो. कळप ठकूबाई नावाच्या ठसठशीत बाईंचा. त्या एका कोकराला मांडीत उलटं धरून त्याचे खूर तासत होत्या आणि त्यांचे यजमान आजारी मेंढीला नळीनं औषध पाजत होते. मला वाटलं होतं मेंढरं काय, आपोआप वाढतात. इथं तर प्रत्येकीचे खूर, डोळे, दात रोज बघावे लागतात. ठकूबाईंनी शेळीच्या दुधाचा चहा दिला. तो पिण्यात मी गुंग असताना कळपातल्या एका शेळीनं माझा डबा उघडला आणि घावणे फस्त केले. कोकणच्या पाककलेला घाटावर मिळालेली ही पहिली दाद.

लिलाव उन्हं कलता सुरू झाला. गुरव (देवळाचे पुजारी) बोली पुकारत होते, आणि ती रुपयांत नव्हती, धनगरांना द्यायच्या बाजरीच्या पायल्यांत होती. पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप. ही रीत मला फार आवडली. दोन-चार शेतकरी सुरुवातीलाच गळले. उरल्या पारूवहिनी आणि गुलाबाची बाग असलेले एक फार्महाऊसवाले साहेब. साहेब हसतमुख माणूस, पण बोली अशी चढवत होते की जणू पायली म्हणजे चहाचा कप. वहिनी एका आकड्यावर थांबल्या. साहेब पुढं गेले.

सचिन देवळाच्या कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होता. दत्तू मान खाली घालून चपलेनं माती उकरत होता. मीच न राहवून कुजबुजलो, "वहिनी, बोला ना पुढं!"

"माज्या कणगीत हाय तेवढंच बोलले," त्या शांतपणे म्हणाल्या. कणगी म्हणजे धान्य साठवायची कुडाची कोठी.

ठकूबाई उठून साहेबांसमोर गेल्या. "सायेब, बाजरी दावा की."

"आत्ता फोन करतो. चाकणच्या दुकानातून लगेच गोण्या येतील."

"दुकानाची नगं. ज्याच्या खळ्यावर बाजरी, त्याच्याच रानात सड. आमची जितराबं काय गुलाब चघळून ऱ्हातील व्हय?"

देवळापुढं हशा पिकला. गुरवांनी हात वर करून सांगितलं, बोली आपल्या खळ्यावरच्या धान्याचीच, ही वाडीची जुनी रीत हाय. वहिनींनी पदराची गाठ सोडली आणि नव्या बाजरीची मूठ ठकूबाईंच्या तळहातावर ठेवली. ठकूबाईंनी दोन दाणे दाताखाली फोडले आणि मान डोलावली. साहेबांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

"तुम्हाला ही रीत ठाऊक होती?" मी वहिनींना विचारलं.

"व्हय की. पर बोली जरा रंगू द्याया पायजे ना, भावजी!"

मी आनंदानं दत्तूच्या पाठीवर थाप मारली, तर तो म्हणाला, "राव, अजून कळप रानात पोचायचाय. दिवेलागणीच्या आत मेंढरं बसली न्हाईत, तर मान आपल्याखालच्या बोलीवाल्याला जातो. त्यो आपला शेजारीच हाय, बाजरी बी हाय त्याच्याकडं."

कळप निघाला. पुढं गळ्यात घंटा बांधलेली चांदी नावाची मेंढी. ती चालली की सगळे चालतात, ती थांबली की सगळे थांबतात. आणि कंपन्यांच्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध, नेमकी शिफ्ट सुटायच्या वेळी, चांदी थांबली. तिनं पुढचा पाय उचलला तो खाली टेकेचना. क्षणात दोन्ही बाजूंना बस, ट्रेलर आणि मोटारसायकली तुंबल्या. हॉर्नच्या आवाजानं मेंढरं एकमेकांत घुसायला लागली. पश्चिमेला सूर्य एका गोदामाच्या छपरावर टेकला होता.

ठकूबाईंनी पाय धरला. "काय तरी रुतलंय खुरात. दिसंना झालंय."

मला मेंढरांची भीती वाटते, हे इथं कबूल करतो. पण वाकून पाहिलं आणि खुराच्या बेचक्यात काहीतरी निळसर चमकलं. तो रंग मी झोपेतही ओळखला असता. लेथवर पोलाद कापताना निघणारा तो कीस, स्प्रिंगसारखा पिळलेला आणि पात्यासारखा धारदार. भंगाराच्या गाडीतून सांडला असणार. असले तुकडे आमच्या बोटांत कायम घुसायचे, म्हणून टोकदार चिमटा खिशात ठेवायची सवय. कंपनी सुटली, चिमटा सुटला नाही.

"धरा घट्ट," मी म्हटलं आणि रस्त्यात गुडघे टेकले.

तेवढ्यात एका ट्रेलरवाल्यानं गाडी पुढं रेटली. मेंढरं उधळणार, इतक्यात एक मोटारसायकल आडवी येऊन थांबली. सचिन! त्यानं ट्रेलरवाल्याला हात दाखवला, "ए भावा, थांब! मागं घे!"

दत्तू थक्क झाला. "तू रं?"

"काकीला हारवायचंय ते मला," सचिन म्हणाला, "ह्या रस्त्याला न्हाई."

चष्मा नाकाच्या टोकावर, घाम डोळ्यांत, आणि चांदीचा गरम श्वास माझ्या कानात. कीस सरळ ओढला असता तर आत तुटला असता. ज्या दिशेनं तो पिळला होता त्याच्या उलट हळूहळू फिरवत बाहेर काढला. ठकूबाईंनी जखमेत हळद दाबली. चांदीनं पाय टेकला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकला आणि चालू लागली. घंटा वाजली. शिफ्टमधून सुटलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, बसच्या खिडक्यांतून लोकांनी फोन बाहेर काढले. मी आयुष्यात पुष्कळ पार्ट अचूक काढले, पण मला अशी सलामी कुणी दिली नव्हती. छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं राहिलं.

आम्ही रानात पोचलो तेव्हा देवळातला दिवा अजून लागायचा होता. धनगरांनी रोवलेल्या जाळीच्या आत शेवटचं मेंढरू गेलं आणि ठकूबाईंनी आरोळी दिली, "बसला गं वाडा!" वहिनी बांधावर उभ्या होत्या. एवढी करारी बाई, पण तोंडाला पदर लावून रडत होती. मी ठेच्याची परतफेड करणार होतो, पण मलाच चष्मा पुसायला रुमाल काढावा लागला.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा डांगे चौकापर्यंत रिकामीच राहिली, इतका मला मेंढरांचा वास येत होता. मी ऐसपैस पाय पसरून राजासारखा आलो. प्रवासातून माणसं शिंपले आणतात, मूर्ती आणतात. मी पोलादाचा एक पीळ आणला. तो आता आमच्या देवघराच्या फळीवर आहे, आणि बायको त्याला रोज नावं ठेवते.

हे सगळं लिहून ठेवलं होतं, पण शेवट सुचत नव्हता. तो काल दारात आला. सचिन खांद्यावर पोतं घेऊन जिना चढत होता. लिफ्ट चालू असूनही! पोतं उघडलं तर लालबुंद कांदे, एकेक माझ्या मुठीत न मावणारा.

"काकीनं दिलेत," तो धापा टाकत म्हणाला.

"आणि मुरूम?" मी विचारलं.

त्यानं घाम पुसला आणि लाजत म्हणाला, "काका, त्या रानात पावसाळ्यात बाजरी पेरतोय मी. दिवाळीनंतर बोली मला लावायचीय."