खळ लावलेली पानं

सुखदेवकाकांना रंगाचा ओघळ सहन होत नाही. बत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या गाड्यांवर आकडे आणि अक्षरं रंगवली. आता जवाहर नगरातल्या घराच्या गच्चीवर बसून ते बायकोच्या रंगवायच्या पुस्तकावर लक्ष ठेवतात. मी त्यांची वरच्या खोलीतली भाडेकरू. नोकरी लॅपटॉपवर, आणि न विचारता दुसऱ्यांच्या अडचणी सोडवायची खोड जन्माची.

इंदुमतीकाकूंची आठवण दोन वर्षांपासून विरत चालली आहे. त्यांच्या मुलीनं, सुवर्णानं, पुण्याहून चित्रं रंगवायचं जाड पुस्तक आणि साठ स्केचपेनं पाठवली. तेव्हापासून हिवाळ्यातलं ऊन, कठड्यावरची कबुतरं आणि काकू असं तिघांचं छान जमलं. काकू एका पाकळीवर पेन टेकवतात आणि तिथंच राहतात. शाई बिचारी जाणार कुठं? पानाच्या पलीकडे उतरते.

पान उलटलं की काकूंचा हात थांबायचा. मागचं चित्र त्या रंगवतच नसत. उमटलेल्या डागांकडे बघत पुटपुटत बसायच्या.

"हे पाह्य, आपली विहीर. गंगू पानी काढून राह्यली."

मूर्तिजापूरच्या माहेरची विहीर, धाकटी बहीण गंगू, शेळ्या, सगळे त्या पुटपुटण्यात येऊन जायचे.

"सगळे येतात," काका एकदा म्हणाले, "मीच काही येत नाही."

हसत म्हणाले. काकू हल्ली त्यांना भाऊ म्हणतात. रंगवता रंगवता एक दिवस आपण तिला आठवू, एवढीच त्यांची आशा होती, आणि त्यात निम्मी पानं डागांपायी वाया चाललेली.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मी पानाखाली पुठ्ठा सरकवला. सगळी पेनं शेवटच्या पानावर चालवून पाहिली आणि फार ओली निघाली ती बाजूला काढली. पुठ्ठ्यानं पुढचं पान वाचलं, पण त्याच पानाची पाठ काही वाचेना.

"लोखंडाला पण रंगाआधी अस्तर लागतं," काका म्हणाले.

त्यांनी पुस्तकाची शिवण उसवली, निम्म्या पानांना तांदळाची पातळ खळ ब्रशनं लावली आणि गच्चीवरच्या दोरीला चिमट्यांनी वाळत घातली. मोर, हत्ती, कमळं वाऱ्यावर डोलत होती आणि त्यांच्या सावल्या काकूंच्या मांडीवरून ये-जा करत होत्या. त्या दुपारी मी ऑफिसची मीटिंग बुडवली. अजून पस्तावा नाही.

खळ लागू पडली. शाई वरच राहिली, मागचा हत्ती स्वच्छ पांढरा. मला आभाळ ठेंगणं झालं.

काकूंनी तो हत्ती पाहिला. पान परत उलटलं, पुन्हा पाहिलं, बोटांनी कागद चाचपला. मग पेन खाली ठेवलं. पाच दिवस विहीर नाही, गंगू नाही, शब्दच नाही. सहाव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या डागांमधून काकू गावाला जाऊन येत होत्या, आणि आम्ही मोठ्या हुशारीनं ती वाट बुजवली होती. मला स्वतःची लाज वाटली.

सांगायला गेले तर काका आधीच खळ न लावलेलं एक पान घेऊन बसले होते. पुठ्ठा भिंतीशी. त्यांनी निळं पेन कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मग तपकिरी. डाग पसरताना त्यांचा चेहरा कसनुसा झाला, पण हात उचलला नाही. मग पान उलटून काकूंपुढे ठेवलं.

काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. ऊन त्यांच्या पायांवरून सरकून खाली उतरलं.

"आमचे हे," त्या म्हणाल्या. "शिडीवर हायेत. गाडी रंगवून राह्यले."

काकू एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"जेवन घरीच राह्यलं त्यायचं. उपाशी राहतीन. कोनी नेऊन देते का, भाऊ?"

काकांनी दोन्ही हात पुढे केले.

"द्या बाई," ते म्हणाले. "मी नेऊन देतो."