माहेरचं दार आणि चाळीस ओळी

ऐका, हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पोटच्या पोरीला मी माहेरच्या दारातून परत पाठवलं. तेही कॉम्प्युटरवरून!

निवृत्त झालो आणि रिकामा वेळ खायला उठला. एकुलती मुलगी लग्न होऊन मस्कतला. चार वर्षं तिनं घर पाहिलं नव्हतं. म्हणून मी पोलादपूरहून एसटीनं महाडला जाऊन कॉम्प्युटरच्या क्लासला बसलो. बेत असा : वेबपेजवर आमच्या घराचा फोटो, दार बंद. माउस दारावर नेला की दार उघडावं आणि उंबऱ्यात तिची आई उभी!

क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "काका, याला पान सजवणारी सीएसएस पुरे. माउस आला की हा फोटो, गेला की तो. तीन ओळींचं काम. जावास्क्रिप्टचा प्रोग्राम कशाला?"

तीन ओळी? आणि कुणीही यावं, दार उघडावं? तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत घालवलेल्या माणसाला हे कसं पटावं, तुम्हीच सांगा! आमच्याकडे विचारपूस झाल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडत नसे. सीएसएस बिचारी कुणाला काही विचारत नाही. जावास्क्रिप्ट विचारते, तपासते, मग ठरवते. म्हणजे अगदी आमच्यातलीच!

बसलो आणि चाळीस ओळी लिहिल्या. दारावर माउस नेला की प्रश्न : 'आपले संपूर्ण नाव?' नोंदीतल्या नावाशी जुळलं, तरच दार उघडणार. नोंदीत नाव एकच, माझ्या लेकीचं.

तिला पत्ता कळवला. शुक्रवारी तिची सुट्टी. आम्ही नवराबायको सकाळपासून फोनपाशी.

"बाबा, दार उघडत नाय."

"नाव लिही की."

"तीनदा लिहिलं. 'नोंद आढळत नाही' म्हणतंय."

"कुठलं लिहिलंस?"

"माझंच! सायली प्रशांत मोरे."

लग्नात सासरच्यांनी तिचं नावसुद्धा बदललं होतं. तांदळात लिहिलेलं ते नवं नाव मीच मोठ्यानं वाचलं होतं, वर पेढाही खाल्ला होता. आणि नोंदीत मी काय लिहावं? वंदना, पुढे माझं नाव, माझं आडनाव. आधी 'कुमारी' लावून!

बायकोला सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "पोरीला दारात उभी करून नाव विचारलंत? आणि वर नाय म्हणालात?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं महाड. मॅडमनी माझ्या चाळीस ओळी पुसल्या, तीन लिहिल्या. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

पुढच्या शुक्रवारी फोन.

"उघडलं, बाबा."

"दिसली का आई?"

"दिसली. पण माउस जरा सरकला की दार लागतं हो. म्हणून हात न हलवता बसलेय."

"थांब, त्यात किंचित जावास्क्रिप्ट घालतो, म्हणजे दार..."

बायकोनं फोन हिसकावला. "ये गो घरी. दार उघडंच हाय."

पलीकडून लेक काय म्हणाली, मला ऐकू आलं नाही. बायकोचं उत्तर तेवढं ऐकलं.

"बाबा कधी ये म्हणाले नाय, म्हणून आली नायस? अगो, ते तुझ्या अर्जाची वाट बघतायत!"

खोटं कशाला बोलू? बघतच होतो.