हरिहररावांचा उलट प्रश्न

कल्याणच्या एका कॉलेजात हरिहर गुप्ते ग्रंथपाल होते. नाटकाच्या दौऱ्यांतून सवड मिळाली की मी त्यांच्याकडे जुन्या संहिता वाचायला जायची. सरळ उत्तर त्यांच्याकडून कुणालाच मिळत नसे. पोरानं विचारावं, "सर, मिठागरांवर पुस्तक आहे?" की हे म्हणायचे, "मीठ हवंय, की ते पिकवणारी माणसं?" पोरगं वैतागायचं, पण त्या प्रश्नामागून चालत बरोबर कपाटाशी पोचायचं. समोरच्याला वाक्य सुचवणारे मी रंगमंचावर पुष्कळ पाहिले. विचार करायला लावणारा हा एकच.

सत्त्याण्णव साली त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हरिहररावांनी रडगाणं गायलं नाही. कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले होते. पुस्तक कसं शोधावं याचा त्यावर धडा करायचा, आणि तो आपल्यासारखा उलट विचारणारा हवा, एवढाच त्यांचा हट्ट.

गुरुदत्त नावाच्या तरुण प्राध्यापकानं धडे बनवायची दोन सॉफ्टवेअर आणून प्रत्येकात एकेक नमुना केला. एकात रंगीत चित्रं सरकायची आणि माझा आवाज वाजायचा. मी तो हौसेनं दिला होता. दुसऱ्यात ना चित्र, ना आवाज, मराठीही रोमन लिपीत. पण मुलाचं उत्तर पाहून ते पुढचा प्रश्न बदलायचं.

"जयाताई, हे दुसरं घेतलं तर तुमचा आवाज जाईल," हरिहरराव घोगऱ्या स्वरात म्हणाले.

"जाऊ दे हो! टाळ्या खूप घेतल्यात मी."

निवड संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात होती. ते नमुने पाहायला आले त्या दिवशी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. गुरुदत्त पुटपुटला, "सर, आधी मी चालवून दाखवतो ना."

"छे! पहिला मान अध्यक्षांचा," हरिहरराव म्हणाले. रीत मोडणं त्यांना जमलं नाही.

अध्यक्ष उलट विचारणाऱ्या नमुन्यासमोर बसले. प्रश्न आला, कोळ्यांच्या लग्नगीतांचं पुस्तक कुठं शोधाल? त्यांनी 'संगीत' निवडलं. पडद्यावर उमटलं, 'असं का वाटतं?' त्यांनी 'धर्म' निवडलं. 'पुन्हा विचार करा.' मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"आता हा डबा आम्हाला शिकवणार?" अध्यक्ष उठलेच. "गुप्ते, पोरं पळून जातील अशानं. ते बाईंचं लावा. काय गोड आवाज आहे!"

हरिहररावांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना ठसका लागला. तो थांबेपर्यंत मंडळी पेढ्यांकडे वळली होती.

जूनमध्ये धडा सुरू झाला. ऑपरेशन होऊन हरिहरराव कामावर आले होते, गळ्याला रुमाल बांधून. मी पाहायला गेले. पोरं माझं वाक्य अर्ध्यावर तोडून पुढचं बटण दाबायची, मग त्याच्या पुढचं, आणि धडा संपवून बाहेर पडायची. हरिहररावांनी एकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि खुणेनंच विचारलं, काय शोधतोयस?

त्यानं मान वर केली. "काका, सरका ना जरा, उजेड अडतोय."

ते सरकले. मग कपाटांच्या रांगांत आत गेले, आणि घंटा होईपर्यंत बाहेर आले नाहीत.