बिनस्वाराचा पाखऱ्या

भैरोबाच्या घोड्यावर माणूस बसत नाही. चैत्रात पालखी निघाली की तो पुढं एकटा चालतो, पाठीवर देवच आहे असं समजून. म्हणून त्याला शिकवायचं तेही जमिनीवरूनच. तोंडातल्या कडीला दोन लांब दोर लावायचे, ते पोटपट्ट्याच्या कड्यांतून मागं घ्यायचे आणि आपण घोड्याच्या मागून चालायचं. कोडोलीजवळच्या त्या वाडीत ही सेवा आकारामच्या घराण्याकडं होती.

शहाण्णव साली जुना घोडा म्हातारपणानं गेला, तेव्हा आकारामनं अडीच वर्षांचा पाखऱ्या शिकवायला घेतला. तीस वर्षं त्यानं कोल्हापुरात टांगा हाकलेला. रिक्षा वाढल्या, टांगा परड्यात उभा राहिला, आणि त्याच्या हाताला आता एवढंच काम उरलं होतं. पालखीच्या आधी पाखऱ्या नीट चालला नाही, तर पंच आण्णा परगावचा घोडा आणणार होते. तसं त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं.

पाखऱ्या नाक आभाळाला लावून चालायचा. त्यानं डोकं उचललं की आकाराम दोर ओढायचा, आणि ओढलं की तो आणखीच उचलायचा. पंधरा दिवसांत दोघंही चिडखोर झाले. आण्णा बघून म्हणाले, वरातीच्या घोड्यागत हनुवटी छातीला पट्ट्यानं बांधून टाक, झोकात दिसंल. तशा घोड्यांच्या तोंडाला आलेला रक्ताळ फेस आकारामनं पाहिला होता. त्यानं नकारार्थी मुंडी हलवली, पण दुसरा उपाय त्यालाही सुचेना.

त्याची बायको शालन न्याहारी घेऊन रानात यायची आणि बांधावर बसून बघायची. एकदा ती म्हणाली, टांग्यावर बसल्यागत हात आवळून धरताय. आकाराम रागावून न जेवताच उठला. संध्याकाळी तिनं दोराचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं आणि ओढून धरलं. जरा वेळानं त्याचा हात आपसूक मागं ओढायला लागला.

"बघा, तुमी पन वडायच लागला की," ती म्हणाली. "त्यो तर मुका जीव हाय."

आकाराम हसला आणि ताट ओढून जेवायला बसला.

दुसऱ्या दिवसापासून पाखऱ्यानं नाक तसूभर जरी खाली आणलं तरी आकारामची बोटं सैल व्हायची. उसाच्या खोडव्याच्या कडेनं नागमोडी, गोल, कधी उलट फेरी. महिन्याभरात पाखऱ्याची पाठ उचलून आली आणि मान लांब, कमानदार झाली.

आण्णांनी ठरवलेल्या परीक्षेच्या दिवशी देवळापुढं सगळी वाडी जमली. हलगी वाजली आणि पाखऱ्याचं डोकं झटकन वर गेलं. आकारामच्या मुठी आवळल्या. आण्णा पट्टा घेऊन पुढं आले.

"एक फेरी घेऊ द्या आण्णा," आकाराम म्हणाला. "मग तुमी म्हनाल तसं."

त्यानं देवाकडं बघितलं, दम सोडला आणि बोटं उघडली. अर्धी फेरी काहीच झालं नाही. बायकांत उभी असलेली शालन पदर तोंडाशी धरून बघत राहिली. मग पाखऱ्यानं कडी चघळली, एक कान मागं, धन्याकडं वळवला आणि मान हळूच खाली सोडली. हलगी वाजतच होती, पाखऱ्या चालतच होता.

आण्णांनी पट्टा गुंडाळून खिशात घातला.

"न्हाय बांधायचा," ते म्हणाले. "असाच चालू दे."

आकारामला थांबायचं सुचलंच नाही. तो पाखऱ्यामागं आणखी एक फेरी चालत गेला.