अकरा नंबरच्या घेवड्याचे वजन

७ फेब्रुवारी २०१०, रविवार. सकाळी पौडला जाऊन किराणा आणला. दुपारी भात लावला, जेवलो. गेल्या आठवड्यात माझी पत्नी रंजना हिचे वर्षश्राद्ध झाले. मुलगी काल सासरी परत गेली. घर आवरून आता लिहायला बसलो आहे. डॉ. शालिनी उपासनी मॅडम यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी लिहा, असे संपादकांनी दोनदा कळवले. मला लिहिण्याची सवय नाही, आणि यंदा उमेदही नाही. तरी मॅडमबद्दल लिहायचे राहून जाऊ नये.

मी त्यांना प्रथम भेटलो १९९८ साली. आमच्या संशोधन केंद्राने उरवड्यात भाड्याने घेतलेल्या शेतावर माझी सहायक म्हणून बदली झाली होती. मी गेलो तेव्हा मॅडम वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी घेवड्याची एक शेंग मोडली, अर्धी स्वतः चावली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. "जगताप, शीर लागते का दाताला?" मी नाही म्हणालो. "नीट चावा. घाईने हो-नाही म्हणू नका." नोकरीतला माझा पहिला धडा तो.

काम कंटाळवाणे होते. भात निघाला की त्याच जमिनीत घेवड्याची निरनिराळी वाणे लावायची. प्रत्येक वाणाचे तीन वाफे तीन ठिकाणी, म्हणजे चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला येते. वाणांना नावे नसत, नंबर असत. तोडलेल्या शेंगा वाफ्यावार काट्यावर तोलून मोजायच्या. कडेच्या ओळी मात्र मोजायच्या नाहीत, कारण कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त मिळतो आणि ती उगाच जोरात येतात.

अकरा नंबर हे मॅडमनी स्वतः संकर करून, वर्षानुवर्षे निवड करत आणलेले वाण. त्या बोलत नसत, पण त्या वाफ्यापाशी त्यांची पावले रेंगाळत, हे तोडणीच्या बायकांनाही ठाऊक होते. २००४ च्या हंगामाचे आकडे चांगले आले तर अकरा नंबर शेतकऱ्यांसाठीच्या शिफारशीला पुढे जाणार होता.

आकडे फारच चांगले आले. मी खूश झालो. मॅडम मात्र काट्यापाशी थांबल्या. "बांधाजवळचा वाफा मुरमाड आहे. तिथेही एवढी शेंग?" त्या उठून पाहून आल्या. अकराच्या आजूबाजूच्या कडेच्या ओळी तोडून झाल्या होत्या. आम्ही त्या सर्वांत शेवटी तोडत असू.

बायकांना विचारले. त्यांची पुढारी माझी रंजनाच होती. तिने लपवले नाही. "म्याडम, कडंच्या शेंगा तुमी मोजतच न्हाई. वाया जात्यात. म्हून मूठमूठ तुमच्या अकराला घातल्या."

"आणि चौदा नंबरला का नाही घातल्या?"

"चौदा आमाला च्या पाजतो व्हय?"

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "चूक माझी. कडेच्या ओळी का मोजत नाही, ते तुम्हाला सांगायला हवं होतं." मग त्यांनी बायकांना बसवून सगळे समजावले.

वरिष्ठांनी सुचवले की अंदाजाने काही वजा करून आकडे पाठवावेत. मॅडम म्हणाल्या, "कुणाची मूठ केवढी होती, मला माहीत नाही. वजा काय करू?" तो हंगाम त्यांनी रद्द केला. पुढच्या वर्षी पुन्हा लावू, असे ठरले. पण पुढच्या वर्षी मालकाने जमीन विकली, तिथे कारखान्याची शेड उभी राहिली. मॅडमना कार्यालयातले काम मिळाले. अकराचे बी केंद्रात पडून राहिले. इतरांची वाणे पुढे गेली. मॅडमच्या नावावर एकही वाण नाही.

रंजनाने हे मनाला लावून घेतले होते. २००८ च्या डिसेंबरात ती अंथरुणाला खिळली. मॅडम दर रविवारी पुण्याहून बस बदलून येत. एकदा रंजनाने विचारलेच, "म्याडम, माज्यामुळं तुमचं वाण बुडालं ना?"

मी मध्ये बोलणार होतो. मॅडमनी हातानेच थांबवले. "हो गं, त्यामुळेच राहिलं. मला वाईटही वाटलं. पण ते आकडे तसेच गेले असते, तर पेरणाऱ्याला तेवढी शेंग मिळाली नसती. त्याला मी काय सांगितलं असतं?"

"मंग माज्यावर राग न्हाई?"

"होता. दोन दिवस होता."

रंजना हसली. "न्हाई म्हनला असता, तर मला खोटं वाटलं असतं," म्हणाली. त्या दिवशी तिने मॅडमच्या हातून वाटीभर पेज घेतली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

मॅडम, तुम्हाला पुष्कळ आयुष्य मिळो, ते दुखण्याविना जावो आणि गुडघे साथ देत राहोत. रंजनाच्या वतीनेही हे लिहितो आहे.

एवढेच सांगायचे होते. नळाला पाणी आले आहे. कळशी भरून घेतो.