गावठाणावरचा तंबू

कमलअक्का कुठल्याही गावात शिरल्या की जागा मागत नसत, पाणी मागत. "जागा मागितली की माणूस चोरासारखं बघतो. पाणी मागितलं की बसायला सांगतो, आणि बसलेल्या बाईला कोणी उठवत नाही," हे त्यांचं शास्त्र. दिवस मावळायच्या आत पोचायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, चार गोष्टी करायच्या आणि मग विचारायचं, "इथं तंबू टाकला तर चालेल ना?"

जळगावच्या पिंप्राळ्यात त्या आमच्या शेजारी. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा नवरा आधीच गेलेला, मुलगा पुण्यात. त्यांनी एक तंबू घेतला आणि स्कूटरवरून खानदेश पालथा घालायला निघाल्या. पहिल्याच फेरीत एका लॉजवाल्याने विचारलं, "सोबत पुरुष कोण?" अक्का म्हणाल्या, "वर गेलाय, बोलावून आणू?" त्यानंतर त्या कुठल्याही लॉजची पायरी चढल्या नाहीत.

आमचं घर मारवाड्याचं, कापडाचं दुकान. फुकट राहायला मिळतं म्हटल्यावर मी मागच्या सीटवर बसले, खोटं कशाला बोलू? धरणगावला कापसाच्या बंद जिनिंग मिलच्या आवारात राहिलो, चोपड्याकडे केळीच्या बागेत राहिलो. निघताना अक्का जागा झाडून द्यायच्या. "फुकट राहिलो, पण मिंधे नाही झालो," म्हणायच्या.

एकदा धुळ्याच्या पुढे एका गावात देवळाच्या ओट्यावर एक आबा बसले होते. अक्कांनी पाणी मागितलं. आबांनी हौसेने तांब्या त्यांच्या हातात दिला, सभामंडप मोकळाच आहे, पंखाही आहे, तिथंच झोपा म्हणाले. मग सहज विचारावं तशी जात विचारली, "कोन लोके शेतस तुम्ही?"

मी अक्कांच्या पदराला हात लावला. जळगावचे आहोत एवढं सांगून भागलं असतं. पण अक्का सरळ म्हणाल्या, "जयभीमवाली शे मी."

आबांचा चेहरा उतरला. बोलले मात्र गोडच. पुलाजवळ तुमच्या लोकांचा विहार आहे, तिथं सोय होईल. मग माझ्याकडे वळून, "आनि तुम्ही, ताई?" मी आडनाव सांगितलं. "मंग तुम्ही ऱ्हा ना आठेच."

मला संताप आला. अक्का शांत होत्या. "विहारात जायचं असतं तर मी कधीच गेले असते, आबा. तिथं मला कोणी पाठवायला नको." त्यांनी तंबू उचलला आणि देवळासमोरच्या मोकळ्या गावठाणावर खुंट्या ठोकायला घेतल्या. चार पोरं जमली, एकाने विचारलं, कोणाला विचारून टाकता? "ही जमीन सरकारनी शे. सरकारमा मी बी शे. आठेच झोपसू." मला म्हणाल्या, "जा गं, तुला पंखा आहे." मी दुसरी खुंटी हातात घेतली. रात्रभर कोणी आलं नाही, आणि कोणी जेवायलाही विचारलं नाही.

सकाळी जागा झाडून अक्का पुन्हा आबांपुढे उभ्या राहिल्या. "पानी द्या." आबांनी तांब्या वर धरला, वरून धार सोडायला. अक्कांनी ओंजळ पुढे केलीच नाही.

"काल हातात दिला होता, आबा. बाई तीच शे."

धार ओट्यावर सांडली. आबांनी तांब्या अक्कांसमोर ठेवला. हातात दिला नाहीच. अक्कांनी तो उचलला, तोंड लावून प्यायल्या आणि स्कूटरला किक मारली. "अर्धं गाव जिंकलं," म्हणाल्या. मी म्हटलं, "अर्ध्यावर का समाधान मानता?" "समाधान कोण मानतंय? पुढच्या वर्षी परत यायचंय."

दोन वर्षं आम्ही त्याच गावठाणावर तंबू टाकला. तिसऱ्या वर्षी अक्का झोपेतच गेल्या. मुलाने तंबू मला दिला. मी स्कूटर चालवायला शिकले, घरचे म्हणाले या वयात वेड लागलं, लागू दे. आता माझ्या आडनावावर कुठलाही सभामंडप उघडतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आडनाव मी सांगतच नाही. "कोन लोके?" विचारलं की म्हणते, "जयभीमवाल्या कमलअक्कांच्या घरची." त्यावर जो जागा देईल त्याच्याकडे राहते. नाही दिली तर गावठाण आहेच.